वाघिणींच्या पैशातून मोरांची खोली

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवरून धावणाऱ्या ट्रामला तिकीट नाही. फेरी स्ट्रीटच्या थांब्यावर उतरलं, की कोपऱ्यावरच पांढरट दगडाचा एक भला थोरला वाडा दिसतो. टोकदार मनोरे, उंच छपरं, फ्रान्समधल्या सरदाराच्या गढीचा थाट. हा फ्रँक हेकर या रेल्वे-उद्योजकाचा वाडा. त्याला लागूनच फेरी अॅव्हेन्यूवर दुसरं घर आहे. रुंद आणि बसकं, खाली दगड, वर लाकडी शिंगलांचं आच्छादन आणि लांबवर उतरत आलेलं छप्पर. रस्त्यावरून जाणाऱ्याचे डोळे हेकरच्या मनोऱ्यांकडेच जातात. मी आले होते ती शेजारच्या घरासाठी.

दोन्ही घरं एकाच धंद्याच्या नफ्यातून आणि एकाच सुमाराला उभी राहिली. हेकर आणि चार्ल्स लँग फ्रीअर भागीदार होते. हेकरने पैसा रस्त्यावरून दिसेल असा लावला. फ्रीअरने विल्सन एअर या फिलाडेल्फियाच्या वास्तुविशारदाकडून १८९० ते १८९२च्या दरम्यान हे घर बांधून घेतलं आणि त्यातला खर्च भिंतींच्या आतल्या बाजूला ठेवला. वॉशिंग्टनला जाणारे पर्यटक फ्रीअरचं नाव संग्रहालयाच्या दारावर वाचतात. माझं मत असं, की त्याची ओळख आधी डेट्रॉइटला करून घ्यावी. इथे आल्यावर कळतं, की हा माणूस संग्रहालय बांधायला निघालाच नव्हता. तो स्वतःचे डोळे घडवत होता.

डेट्रॉइट म्हटलं की आपल्याला मोटारी आठवतात. शहराच्या उपनगरांतून राहणाऱ्या आणि मोटारकंपन्यांत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हेच डेट्रॉइट माहीत असतं. ट्रॉयला राहणाऱ्या माझ्या भाचीने फेरी अॅव्हेन्यूचं नाव प्रथम माझ्याच तोंडून ऐकलं. मोटारीच्या आधी मात्र हे शहर रेल्वेच्या डब्यांसाठी प्रसिद्ध होतं. मिशिगनच्या जंगलांतलं लाकूड, सरोवरांतून बोटींनी येणारं लोखंडाचं खनिज आणि युरोपातून येऊन उतरणारे मजूर, अशी सगळी सामग्री हाताशी होती. त्यातून मालगाडीच्या वाघिणी तयार होत आणि पश्चिमेकडे सरकत चाललेल्या रेल्वेमार्गांना त्या कितीही हव्याच असत. हेन्री फोर्ड तरुणपणी शेत सोडून डेट्रॉइटला आला, तेव्हा १८७९ साली त्याने पहिली नोकरी अशाच एका वाघिणींच्या कारखान्यात केली. ती आठवडाभरही टिकली नाही.

फ्रीअरचा जन्म १८५४चा, न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या किंग्स्टन गावातला. घरची स्थिती बेताची, भावंडं सहा. चौदाव्या वर्षी आई गेली. सातवीनंतर शाळा सुटली आणि तो सिमेंटच्या कारखान्यात लागला. पुढे गावातल्या एका दुकानात कारकून झाला. त्याच सुमाराला हेकर तिथल्या छोट्या रेल्वेचा कारभार बघत होता. या पोराचे हिशेब चोख आहेत हे त्याने हेरलं आणि त्याला आपल्याकडे ओढलं. तिथून दोघं इंडियानात, आणि १८८०मध्ये डेट्रॉइटला. इथे त्यांनी पेनिन्शुलर कार कंपनी उभी केली. १८९२मध्ये तिचं प्रतिस्पर्धी मिशिगन कार कंपनीशी विलीनीकरण झालं. १८९९मध्ये १३ कंपन्या एकत्र आणून अमेरिकन कार अँड फाउंड्री ही प्रचंड कंपनी तयार झाली. ती जुळवाजुळव करणाऱ्यांत फ्रीअर पुढे होता. ती पार पडली आणि त्याने धंद्यातून अंग काढून घेतलं. वय पंचेचाळीस. लग्न केलेलं नव्हतं, प्रकृती नाजूक. पुढची वीस वर्षं त्याने पाहण्यात घालवली.

घरात आता वेन स्टेट विद्यापीठाची बालविकासाचा अभ्यास करणारी संस्था आहे. आधी ठरवून आलं, तर घर बघता येतं. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो मंद उजेड. मधल्या चौकातून जिना वर जातो, भोवती काळपट लाकूड. ड्वाइट ट्रायन आणि थॉमस ड्यूइंग या दोन चित्रकारांनी इथल्या भिंतींचे रंग स्वतः ठरवले होते. फ्रीअरने ट्रायनकडून ऋतूंची निसर्गचित्रं खास या घरासाठी करवून घेतली, ड्यूइंगकडून धुक्यात उभ्या असाव्यात अशा स्त्रियांची चित्रं आणि अॅबट थेअरकडून जिन्याच्या चौकासाठी एक मोठं चित्र. चौकटीसुद्धा साध्या नव्हत्या. त्या स्टॅनफर्ड व्हाइट या नामवंत वास्तुविशारदाने आखल्या होत्या. चित्रकाराला घर दाखवायचं, भिंत दाखवायची, तिथे दिवसाचा उजेड कुठून येतो ते सांगायचं आणि मग चित्र मागायचं, अशी ही रीत. आज ती मूळ चित्रं वॉशिंग्टनला आहेत. पण ती कुठल्या भिंतीसाठी झाली हे इथे उभं राहूनच समजतं. संग्रहालयाच्या उजळ दालनात ट्रायनचं चित्र काहीसं फिकट वाटतं. या अंधाऱ्या चौकात ते किती उजळत असेल, याचा अंदाज मला इथे आला.

कलेचं वेड त्याला लागलं ते छापचित्रांपासून. १८८७मध्ये न्यूयॉर्कला एका वकिलाच्या संग्रहात त्याने जेम्स मॅकनील व्हिसलरची एचिंग्ज पाहिली आणि त्याच वर्षी व्हिसलरच्या व्हेनिसवरच्या २६ एचिंग्जचा संच विकत घेतला. तीन वर्षांनी लंडनला गेला, तेव्हा कसलाही परिचय नसताना त्याने चेल्सीतल्या व्हिसलरच्या घराचं दार ठोठावलं. व्हिसलर जन्माने अमेरिकन, राहणं लंडन-पॅरिसला, स्वभाव तिखट. मित्र गमावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. फ्रीअरशी मात्र त्याचं शेवटपर्यंत जमलं. माझ्या समजुतीप्रमाणे याचं कारण पैशाइतकंच त्याच्या धीरातही होतं. चित्र मागून दहा-दहा वर्षं वाट पाहणारा गिऱ्हाईक चित्रकाराला सहसा भेटत नाही.

याच मैत्रीत हिंदुस्थानचाही एक धागा आहे. १८९४-९५मध्ये फ्रीअर पहिल्यांदा आशियात आला: सिलोन, मग हिंदुस्थान, मग जपान. निघण्याआधी व्हिसलरची पत्नी बिआट्रिक्स हिने त्याच्याकडे इकडचे गाणारे पक्षी मागितले होते. एवढ्या लांबच्या प्रवासात एखाद्याने ते विसरलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. फ्रीअरने पक्षी मिळवले आणि बोटीवर जबाबदार माणसाच्या हाती सोपवून पॅरिसला रवाना केले. त्यातला एक नीट पोचला. १८९६च्या मे महिन्यात बिआट्रिक्स कर्करोगाने गेली. पुढच्या वर्षी व्हिसलरने फ्रीअरला एक लांब पत्र लिहिलं. ती गेली त्या वेळी तो पक्षी वरच्या दांडीवर बसून एकसारखा गात राहिला होता, हे त्याने त्यात कळवलं. त्याच पत्रात फ्रीअरने मागितलेल्या निळ्या-सोनेरी मुलीच्या चित्राचाही विषय आहे. ते चित्र पूर्ण व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. आज ते फ्रीअरच्या संग्रहात आहे आणि त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा मला चित्राइतकाच तो पक्षीही आठवत होता.

व्हिसलर १७ जुलै १९०३ला लंडनमध्ये वारला. फ्रीअर तेव्हा तिथेच होता. शवपेटीला त्याने खांदा दिला. जगातला व्हिसलरच्या कामाचा सर्वांत मोठा संग्रह त्याच्याकडे जमला: तैलचित्रं, जलरंग, पेस्टल, छापचित्रं मिळून हजाराच्या वर. व्हिसलरने रंगवलेलं फ्रीअरचं व्यक्तिचित्रही त्यात आहे. अखेरच्या आजारपणात काढलेलं, अपुरं राहिलेलं. तपकिरी अंधारातून एक टोकदार दाढीचा सौम्य चेहरा वर येतो. कारखानदाराची एकही खूण त्यात नाही.

फेरी अॅव्हेन्यूवरून पायी पाच-सात मिनिटांत डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स येतं. तिथल्या दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रांविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. एड्सेल फोर्डच्या पैशातून १९३२-३३मध्ये झालेली ती चित्रं चुकवू नयेत. फ्रीअरच्या मागावर असलेल्यांनी मात्र आणखी एक ठिकाण पाहावं, ते म्हणजे ईस्ट जेफरसन अॅव्हेन्यूवरचं प्युएबिक पॉटरी. मेरी चेस पेरी नावाच्या बाईंनी १९०३मध्ये हा मातीकामाचा उद्योग सुरू केला. फ्रीअर त्यांचा गिऱ्हाईक आणि सल्लागार. सीरियातल्या रक्का इथली जुनी भांडी त्याच्या कपाटात होती. शतकानुशतकं जमिनीत राहून त्यांच्या झिलईवर इंद्रधनुषी चकाकी आलेली. ती भांडी हातात घेऊन बघायची परवानगी त्याने पेरीबाईंना दिली. तशी चकाकी भट्टीत आणण्यासाठी त्या वर्षानुवर्षं खटपट करत राहिल्या आणि अखेर त्यांना ती साधली. त्या फरशा फ्रीअरच्या घरात लागल्या आणि पुढे अमेरिकेतल्या अनेक चर्चांत आणि सार्वजनिक इमारतींत गेल्या. १९०७च्या इमारतीत भट्ट्या आजही चालू आहेत. विटकरी धुळीचा वास येतो आणि खालच्या मजल्यावर काम चाललेलं बघता येतं. एका दुर्मीळ वस्तूतून जिवंत कारागिरी कशी निघते, हे याहून स्पष्टपणे मी कुठे पाहिलेलं नाही. आश्रयदाता हा शब्द मला फ्रीअरला सगळ्यांत जास्त इथे लागू पडतो असं वाटलं.

आता वॉशिंग्टन. नॅशनल मॉलच्या मधोमध स्मिथसोनियन नावाच्या मेट्रो स्थानकातून वर आलं, की समोर गवताचा प्रचंड पट्टा आणि त्याच्या दक्षिण कडेला ग्रॅनाइटची एक नीटस, बैठी इमारत. फ्रीअर गॅलरी. सॅकलर गॅलरीसह तिला आता नॅशनल म्यूझियम ऑफ एशियन आर्ट म्हणतात. प्रवेश मोफत.

हे दान स्मिथसोनियनने चटकन स्वीकारलं नव्हतं. १९०४च्या अखेरीस फ्रीअरने आपला संग्रह देशाला देऊ केला आणि इमारतीचा खर्चही स्वतः करीन असं कळवलं. अटी अशा: आपण जिवंत असेपर्यंत संग्रह आपल्या ताब्यात राहील आणि त्यात भर घालता येईल. पुढे त्यातली वस्तू बाहेर उसनी द्यायची नाही आणि बाहेरची वस्तू त्या इमारतीत मांडायची नाही. स्मिथसोनियन तेव्हा विज्ञानाची संस्था. तिचे सचिव सॅम्युएल लँगली विमानविद्येत गुंतलेले. १९०५च्या फेब्रुवारीत पाहणीसाठी जे मंडळ डेट्रॉइटला आलं त्यात लँगली होते, टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल होते, मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि एक माजी सिनेटर. फेरी अॅव्हेन्यूवरच्या त्या मंद उजेडाच्या खोल्यांत दिवसच्या दिवस त्यांच्यासमोर गुंडाळ्या उलगडल्या जात होत्या, वाडगे ठेवले जात होते, पडदे उभे केले जात होते. त्यांना त्यातलं किती उमगलं असेल! वर्षभर निर्णय लोंबकळला. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मध्ये पडले आणि जानेवारी १९०६मध्ये स्वीकृती मिळाली. त्या वेळी संग्रहात सुमारे २,२५० वस्तू होत्या. फ्रीअर १९१९च्या सप्टेंबरात गेला तोवर त्या ९,५००च्या आसपास झाल्या होत्या. चार्ल्स प्लॅट या वास्तुविशारदाने आखलेली इमारत १९२३च्या मे महिन्यात उघडली. स्मिथसोनियनचं हे पहिलं कलासंग्रहालय. ज्याच्या पैशातून ते उभं राहिलं त्याने ते पूर्ण झालेलं पाहिलं नाही.

इमारतीच्या मध्यभागी कमानींनी वेढलेला उघडा चौक आहे आणि त्यात कारंजं. दालनं चौकाभोवती फिरतात आणि वरून छताच्या काचांतून उजेड येतो. फार मोठं नाही हे संग्रहालय, आणि हेच त्याचं सुख. लूव्हर किंवा मेट्रोपॉलिटनसारखे पाय मोडत नाहीत. एका दालनातून चौकाकडे यावं, कमानीत थोडं टेकावं, पुन्हा आत जावं. अशा विश्रांतीची योजना फ्रीअर आणि प्लॅट यांनी विचार करून केलेली आहे.

बहुतेक लोक येतात ते मोरांच्या खोलीसाठी. तिची हकीकत सांगायला हवी. फ्रेडरिक लेलँड हा लिव्हरपूलचा जहाजांचा मालक. लंडनच्या त्याच्या घरात चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांसाठी थॉमस जेकिल याने जेवणघर सजवलं होतं. भिंतींवर जुनं नक्षीदार चामडं आणि पुढे अक्रोडाच्या लाकडाच्या बारीक फळ्यांची जाळी. शेकोटीच्या वर व्हिसलरचं ‘द प्रिन्सेस फ्रॉम द लँड ऑफ पोर्सिलेन’ हे चित्र. १८७६मध्ये लेलँडने व्हिसलरला रंगांविषयी सहज सल्ला विचारला आणि स्वतः लिव्हरपूलला गेला. व्हिसलरने थोडं रंगवलं, मग आणखी, मग सगळंच. सोळाव्या शतकाचं म्हणून सांगितलं जाणारं ते मोलाचं चामडं निळ्या-हिरव्या रंगाखाली गेलं. झडपांवर सोन्याचे मोर आले. त्याने पत्रकारांना बोलावून खोली दाखवायलाही सुरुवात केली. मालकाने परत येऊन ते पाहिलं आणि २,००० गिनींचं बिलही पाहिलं. त्याने निम्मेच पैसे दिले, तेही गिनींऐवजी पाउंडांत. त्या काळी चित्रकाराचा मोबदला गिनींत मोजत आणि दुकानदाराचा पाउंडांत, त्यामुळे घाव दुहेरी होता. व्हिसलरने काम सोडण्याआधी समोरच्या भिंतीवर दोन भांडणारे मोर रंगवले. एकाच्या पायांशी चांदीची नाणी विखुरलेली, दुसऱ्याच्या डोक्यावर व्हिसलरच्या पांढऱ्या बटेसारखा रुपेरी तुरा. चित्राचं नाव त्याने ठेवलं ‘कला आणि पैसा’.

फ्रीअरने १९०३मध्ये प्रिन्सेसचं चित्र घेतलं आणि १९०४मध्ये सबंध खोलीच. सुटी करून, पेट्यांत भरून ती डेट्रॉइटला आणली आणि फेरी अॅव्हेन्यूवर घराला जोडून तिच्यासाठी जागा केली. ती त्याला फारशी आवडत नव्हती. इतका झगमगाट त्याच्या स्वभावाशी जुळणारा नव्हता. मित्राचं काम विखरू नये, या कर्तव्यबुद्धीने त्याने ती घेतली. पण एकदा घेतल्यावर तिचा जो उपयोग त्याने केला, तो मला त्याच्या सगळ्या संग्रहाची किल्ली वाटतो. जाळीच्या फळ्यांवर त्याने निळी-पांढरी भांडी मांडली नाहीत. चीन, कोरिया, जपान, सीरिया, इराण अशा देशांतली अडीचशेहून अधिक भांडी रंगांच्या छटांनुसार एकमेकांशेजारी ठेवली. खडबडीत, डाग पडलेली, वितळून ओघळलेल्या झिलईची. कोरियातल्या एखाद्या वाडग्याचा करडा-हिरवा रंग व्हिसलरच्या सांजवेळच्या नदीच्या रंगाला कुठे भेटतो, रक्काच्या सुरईवरची चकाकी मोराच्या पिसाऱ्याशी काय बोलते, हे त्याला पाहायचं होतं. देश आणि शतक बाजूला ठेवून डोळ्यांनी नातं जुळवायचं. या पद्धतीवर इतिहासकार आक्षेप घेतील आणि त्यांचं बरोबरही असेल. तरी त्या खोलीत उभी असताना माझ्या डोळ्यांनी आपोआप तेच करायला सुरुवात केली. मांडणी आता वेळोवेळी बदलतात. कधी लेलँडच्या काळासारखी निळी-पांढरी, कधी फ्रीअरसारखी मिश्र. एरवी झडपा बंद असतात. त्या उघडण्याचे ठरलेले दिवस असतात, ते आधी पाहून मगच जावं. दिवसाचा उजेड आत आला की भिंतींचा निळा रंग हिरव्याकडे सरकतो आणि सोनं तांबूस होतं. दिव्यात दिसणारी खोली आणि ही खोली, दोन्ही वेगळ्या.

आशियातल्या वस्तूंकडे वळायला त्याला व्हिसलरनेच लावलं, आणि १९०१पासून अर्नेस्ट फेनोलोसा या जपानी कलेच्या जाणकाराची साथ मिळाली. फ्रीअरला ना जपानी येत होतं ना चिनी. त्याचा सगळा भर पाहण्यावर, पुन्हा पाहण्यावर, शेजारी ठेवून पाहण्यावर. योकोहामाला रेशीम व्यापारी हारा तोमितारो आणि तोक्योला मित्सुईचा कर्ता माणूस मासुदा ताकाशी यांच्या घरी तो पाहुणा म्हणून राहिला. दोघंही त्याच्यासारखेच व्यापारी आणि संग्राहक. तावाराया सोतात्सुचे ‘मात्सुशिमाच्या लाटा’ हे घडीचे दोन पडदे त्याने १९०६मध्ये घेतले. सतराव्या शतकातल्या या चित्रात समुद्र सोन्यावर उसळतो. होन्आमी कोएत्सु या जपानी कलावंताच्या कामाची पारख बाहेरच्या जगात फार थोड्यांना होती तेव्हा फ्रीअरला ती होती. क्योटोच्या कोएत्सुजी मंदिरात १९३०मध्ये फ्रीअरची स्मारकशिळा बसवली गेली. त्याच १९०६च्या डिसेंबरात कैरोजवळ गिझाला एका व्यापाऱ्याकडून त्याने ग्रीक भाषेतली बायबलची जुनी हस्तलिखितं विकत घेतली. त्यातलं चार गॉस्पेलांचं पुस्तक चौथ्या-पाचव्या शतकातलं असल्याचं पुढे कळलं. १९१०मध्ये तो चीनमध्ये हेनान प्रांतातल्या लोंगमेनच्या बौद्ध लेण्यांत गेला. वाटमारीचा धोका होता म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर दिलेले. चिनी छायाचित्रकार घेऊन त्याने लेण्यांची पद्धतशीर छायाचित्रं काढून घेतली. पुढच्या काही दशकांत तिथली किती शिल्पं फोडून विकली गेली ते पाहता, ती छायाचित्रं आज अभ्यासकांना अमोल वाटतात.

हे लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. त्या वर्षांत चीनची राजवट कोसळत होती, इजिप्त इंग्रजांच्या टाचेखाली होतं, हिंदुस्थानचं तर सांगायलाच नको. डेट्रॉइटचा वाघिणींचा पैसा अशा वेळी आशियात पोचला. फ्रीअर लुटारू नव्हता, दाम मोजून घेणारा होता. पण विकणाऱ्याने ती वस्तू कुठून आणि कशी मिळवली, हे विचारण्याची रीत त्या काळी नव्हती. आज हे संग्रहालय आपल्या वस्तूंचा पूर्वेतिहास शोधून प्रसिद्ध करतं आणि ते काम मला फार महत्त्वाचं वाटतं. शिवाय त्याच्या डोळ्यांनाही मर्यादा होत्या. सुंग काळातली म्हणून घेतलेली कितीतरी चिनी चित्रं पुढे मिंग काळातली ठरली.

हिंदुस्थानी दालनात मी सगळ्यांत जास्त वेळ राहिले. फ्रीअरचा या बाजूचा संग्रह लहान आहे. त्यातला मोठा भाग त्याने १९०७मध्ये कर्नल हेन्री बॅथर्स्ट हॅना या ब्रिटिश फौजेतल्या अधिकाऱ्याकडून एकगठ्ठा घेतला. त्यात एक रामायण होतं, आणि ते आपल्याला अगदी जवळचं आहे. वाल्मीकी रामायणाचं फारसी भाषांतर अकबराने करवलं. त्याची शाही प्रत जयपूरच्या राजवाड्यात आहे. अकबराचा सेनापती अब्दुर्रहीम खान-इ-खानान याने परवानगी घेऊन स्वतःसाठी दुसरी प्रत तयार करवली, १५९७ ते १६०५ या काळात, १३० चित्रांची. दोह्यांमुळे आपल्याला माहीत असलेला रहीम तो हाच. ही वर्षं मराठी वाचकाला ओळखू येतील. १५९५-९६मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला आणि चांदबिबीने किल्ला लढवला, तेव्हा वेढा घालणाऱ्यांत रहीम होता. १५९७मध्ये गोदावरीकाठी पाथरीच्या परिसरात त्याने विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगरच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. पुढे बऱ्हाणपूर हे त्याचं ठाणं झालं. म्हणजे दख्खनच्या छावण्यांत दिवस काढणाऱ्या या सरदाराचे चितारी तेव्हा राम, सुग्रीव आणि जांबवंत रंगवत होते. मुश्फिक, फझल, कासिम, श्यामसुंदर अशी त्यांची नावं चित्रांवर आहेत. मुसलमान आणि हिंदू, एकाच कारखान्यातले. शाही प्रतीची नजाकत यांच्या हातात नाही. रंग थेट, माणसं ठसठशीत, वानर तर फारच जिवंत. मला हीच चित्रं जास्त आवडली. ग्रंथाच्या एका कोऱ्या पानावर रहीमने स्वतःच्या हाताने या प्रतीची हकीकत लिहून ठेवली आहे.

उजेडाने रंग उडतात, म्हणून ही पानं एका वेळी मोजकीच बाहेर मांडतात आणि काही काळाने पुन्हा अंधारात ठेवतात. मी गेले तेव्हा रामायणातलं एकही पान दालनात नव्हतं. मात्र संग्रहालयाने आपला जवळजवळ सगळा संग्रह मोठ्या, स्पष्ट छायाचित्रांच्या रूपात संकेतस्थळावर खुला केला आहे. तिथे शोधाच्या चौकटीत फ्रीअर रामायण असं इंग्रजीत लिहिलं, की पानं समोर येतात. सुग्रीव आणि जांबवंत रामाच्या भेटीला आले आहेत ते पान आधी उघडावं आणि अस्वलांचे चेहरे मोठे करून बघावेत. चितारी ते रंगवत होता तेव्हा त्याचा धनी नगरपासून बऱ्हाणपूरपर्यंतच्या मुलखात मोहिमा करत होता.